शुद्ध बीजापोटी: सुप्रजाशास्त्र, १९२७ साल आणि 'घराण्यात कोणी आहे का?'

कोरांटी

गेल्या महिन्यात बहिणीच्या मुलीला बघायला मंडळी आली होती. पोहे झाले, मुलामुलीचं गच्चीत जाऊन बोलणं झालं, सगळं छान चाललं होतं. मग आमचा दादा पाण्याचे ग्लास घेऊन आला. दादा बावन्न वर्षांचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. पाहुण्यांना पाणी देणं हे त्याचं काम, ते तो दुसऱ्या कोणाला करू देत नाही. एकेक ग्लास दोन्ही हातांनी पुढे करतो आणि समोरच्याने घोट घेईपर्यंत तिथेच उभा राहतो. मुलाच्या काकांनी घोट घेतला, दादा आत गेला, आणि काकांनी माझ्या मेहुण्यांना हळूच विचारलं, "घराण्यात आणखी कोणी आहे का असं?"

स्थळ पुढे सरकलं नाही. त्याचं दुःख नाही, भाचीलाच तो मुलगा फारसा आवडला नव्हता. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. विचारणारा माणूस वाईट नव्हता, आपल्या पोराच्या काळजीनेच त्यांनी विचारलं. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांची स्थळं बघताना आमच्या घरानेही हाच प्रश्न विचारलेला आहे. तो आपल्या तोंडात इतका सहज बसलाय कसा, म्हणून वाचायला घेतलं, ते सुप्रजाशास्त्रापर्यंत गेलं. जे कळलं ते या धाग्यात लिहिते. कुठे चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

सुरुवात सगळ्यांना माहीत असेल. चार्ल्स डार्विनचा नात्यातला भाऊ फ्रान्सिस गाल्टन याने १८८३ मध्ये 'युजेनिक्स' हा शब्द घडवला. आपण त्याला सुप्रजाशास्त्र किंवा सुप्रजननशास्त्र म्हणतो. चांगल्या घरच्यांनी जास्त मुलं जन्माला घालावीत, बाकीच्यांनी कमी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणूस सुधारत जाईल, असा विचार. 'चांगलं घर' कोणतं, हे ठरवताना गाल्टनने इंग्लंडमधल्या नामवंत न्यायाधीशांचे, मुत्सद्द्यांचे, विद्वानांचे नातेवाईक मोजले आणि मोठ्यांच्या घरात मोठेच निपजतात असा निष्कर्ष काढला. त्या घरांत पैसा होता, ओळखीपाळखी होत्या, मुलांसाठी शिकवण्या होत्या, हे त्याच्या हिशोबात फारसं आलंच नाही.

इंग्लंडात हे बरंचसं पुस्तकांत आणि सभांत राहिलं. कायद्यात उतरलं अमेरिकेत. इंडियाना राज्याने १९०७ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बरला १९१० मध्ये एक नोंदणी कार्यालय निघालं. तिथून प्रशिक्षण घेतलेल्या बायका-पुरुष गावोगाव जाऊन कुटुंबांच्या वंशावळी काढत आणि माणसांवर शिक्के मारत: मंदबुद्धी, भटक्या वृत्तीचा, अनैतिक. हो, गरिबी आणि भटकणंसुद्धा रक्तातून येतं असं तिथे लिहिलं जात होतं. त्या कार्यालयाचा अधीक्षक हॅरी लाफलिन याने नसबंदीच्या कायद्याचा एक नमुनाच तयार करून ठेवला होता.

आता एका मुलीविषयी जरा सविस्तर लिहिते.

कॅरी बक. जन्म १९०६, व्हर्जिनियातलं शार्लट्सव्हिल. आई एमा गरीब, नवरा नाही, तिला 'मंदबुद्धी' ठरवून अशा लोकांना डांबून ठेवण्याच्या एका सरकारी वसाहतीत ठेवलेलं. कॅरी लहानपणापासून दुसऱ्या एका कुटुंबात वाढली. सहावीपर्यंत शाळेत गेली, तिथे बाईंनी 'वर्तन आणि अभ्यास उत्तम' असा शेरा दिलेला आहे. पुढे शाळा सुटली, घरकाम पदरी आलं. सतराव्या वर्षी त्याच कुटुंबाच्या एका नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला आणि ती गरोदर राहिली. घराची अब्रू झाकायची म्हणून त्या कुटुंबाने तिलाही मंदबुद्धी ठरवलं आणि बाळंतपण झाल्यावर आईच्याच वसाहतीत पाठवलं. मुलीचं नाव व्हिव्हियन. ती त्याच कुटुंबाकडे राहिली.

व्हर्जिनियाने १९२४ मध्ये नसबंदीचा कायदा केला होता. तो कोर्टात टिकतो का हे बघायला त्यांना एक नमुना खटला हवा होता. कॅरी सापडली: आई 'मंद', मुलगी 'मंद', आता नात मंद निघाली की साखळी पूर्ण. व्हिव्हियन तेव्हा जेमतेम सात-आठ महिन्यांची. एका समाजसेविकेने साक्षीत सांगितलं की, हिच्या चेहऱ्यात काहीतरी बरोबर नाही, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. एवढ्यावर तिसरी पिढी सिद्ध झाली. कॅरीला दिलेला वकील पूर्वी त्याच वसाहतीच्या संचालक मंडळावर होता. त्याने तिच्या बाजूने एकही साक्षीदार उभा केला नाही.

२ मे १९२७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी नसबंदीला मान्यता दिली. निकाल लिहिला न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. सक्तीची लस टोचता येते त्याच तत्त्वाने हेही करता येतं असं त्यांनी म्हटलं, आणि पुढचं वाक्य जगभर गाजलं: मूढांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. १९ ऑक्टोबरला कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. तिच्या बहिणीवर, डोरिसवरही झाली, पण तिला अपेंडिक्सचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. डोरिस आणि तिचा नवरा वर्षानुवर्षं मुलाची वाट बघत राहिले. म्हातारपणी कधीतरी तिला खरं कळलं.

आणि व्हिव्हियन? तिचं प्रगतिपुस्तक पुढे संशोधकांना सापडलं. चारचौघांसारखे गुण, वर्तनाला अव्वल श्रेणी, १९३१ मध्ये तर गुणवंतांच्या यादीत नाव. पुढच्याच वर्षी ती आजाराने गेली, आठ वर्षांची होऊन.

मी हे वाचत होते तेव्हा दादा शेजारी बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालत होता.

तो निकाल आजवर स्पष्ट शब्दांत रद्द झालेला नाही. अमेरिकेत त्या कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक माणसांची नसबंदी झाली, त्यातली एक तृतीयांश एकट्या कॅलिफोर्नियात. जर्मनीने जुलै १९३३ मध्ये जो कायदा केला त्यात लाफलिनच्या नमुन्याची छाप होती. त्याखाली सुमारे चार लाख नसबंद्या झाल्या, आणि १९३९ पासून अपंगांना ठार मारायला सुरुवात झाली. १९३६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने लाफलिनला मानद पदवी दिली होती. युद्धानंतर न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांच्या बचावात होम्स यांच्या त्याच निकालाचा दाखला देण्यात आला.

आता आपल्याकडे येते, कारण १९२७ हे साल आपल्याही दारात आहे. ना. सी. फडके, कादंबरीकार फडके, यांचं एक इंग्रजी पुस्तक त्याच वर्षी मुंबईहून निघालं: भारतातल्या लैंगिक प्रश्नावर. त्याचं उपशीर्षकच भारतात सुप्रजननाची चळवळ हवी अशी मागणी करणारं आहे, आणि प्रस्तावना अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांची. त्याच वर्षी जुलैत संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं. त्याच वर्षी बर्लिनला मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननाची मोठी संस्था स्थापन झाली, ऑयगेन फिशर तिचे प्रमुख. आणि त्या संस्थेत डॉक्टरेट करायला पुण्याहून एक बाई गेल्या: इरावती कर्वे. र. धों.च्या भावजय.

फिशर यांचं म्हणणं असं की गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू सारखी नसते, आणि त्यातच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचं मूळ आहे. इरावतीबाईंना हे तपासायला दिलं. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. यातल्या काही जर्मनीच्या ताब्यातल्या परक्या मुलखांतून आणलेल्या, ज्यांची नावं कोणी टिपून ठेवली नव्हती अशा माणसांच्या होत्या. मोजून झाल्यावर बाईंनी लिहिलं की असमानता सगळ्यांच्यात आहे, वंशाशी तिचा संबंध दिसत नाही. मार्गदर्शकाचा सिद्धान्त, त्याचीच संस्था, परका देश, वय पंचविशीच्या आत. पदवी मिळाली, पण शेरा अगदी खालचा. पुढे याच संस्थेत आउशवित्झच्या छळछावणीतून नाझी डॉक्टर मेंगेलेने पाठवलेले मानवी अवशेष येत राहिले.

इरावतीबाईंनी मोठं भाषण केलं नाही. मोजलं, आणि आकडा आला तो लिहिला. मला हे फार मोठं वाटतं.

शेवटी धाग्याच्या नावाविषयी. 'शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी' हे आपण लग्नाच्या बैठकीत घराण्याचं कौतुक करायला वापरतो. पण तुकोबांचा तो अभंग पुढे वाचला तर फळ म्हणजे काय ते तिथेच आहे: तोंडी अमृताची वाणी, देवाच्या कारणी लागलेला देह, गंगाजळासारखं चित्त. कुळाचा शब्दही नाही. आपण पहिली ओळ तेवढी उचलली आणि तिचं प्रमाणपत्र केलं.

बोला.

गव्हाण

कोरांटी, सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. मी पशुवैद्यक आहे, बावीस वर्षं कृत्रिम रेतनाचं काम केलंय. हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "गाईगुरांत जात सुधारते, मग माणसात का नाही?" म्हणून ते आधीच लिहून टाकतो.

गाईत सुधारणा होते म्हणजे काय होतं? दूध वाढतं. बस. एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) ही विदेशी गाय दिवसाला वीस लिटर देते, पण मे महिन्यात गोठ्यात पंखा लावावा लागतो, जीभ बाहेर काढून धापा टाकते. दगडी (कासेचा आजार) होण्याचं प्रमाण जास्त, खुरांची दुखणी जास्त. तिचा गोऱ्हा औताला चालत नाही, शेतकऱ्याला तो नकोच असतो. आपली खिलार गाय दूध कमी देते, पण माणदेशात दुष्काळात कडब्यावर उभी राहते. मग सांगा, यातली 'सुधारलेली' कोणती? ते मालकाला काय हवंय त्यावर ठरतं. गाईला कोणी विचारत नाही. जो वळू नको तो खच्ची केला जातो, जी गाय नको ती बाजारात जाते.

माणसाच्या बाबतीत हेच करायचं तर मालक कोण, एवढं मला कोणीतरी सांगावं. मूळ धाग्यातल्या कॅरीच्या गोष्टीत मालक कोण होतं ते दिसतंच.

अनुस्वार

गव्हाण, सहमत. एक गणित जोडतो, कारण हे 'शास्त्र' स्वतःच्या हिशोबातही नापास होतं हे लोकांना माहीत नसतं.

समजा एखादा दोष अप्रभावी जनुकामुळे होतो, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडून ते जनुक आलं तरच दोष दिसतो. समजा दर शंभरात एकाला तो आहे. आता कितीही क्रूर सरकार आणा आणि प्रत्येक पिढीत अशा प्रत्येकाची नसबंदी करा, एकही सोडू नका. प्रमाण हजारात एकावर यायला बावीस पिढ्या लागतात. दहा हजारांत एकावर यायला एकूण नव्वद. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर सव्वादोन हजार वर्षं. म्हणजे सातवाहनांच्या काळात सुरू केलं असतं तर आज कुठे ते काम होत आलं असतं.

कारण ते जनुक मुख्यतः निरोगी माणसांत असतं. दहा हजारांत एक रुग्ण असेल तर त्याच दहा हजारांत वाहक, म्हणजे त्या जनुकाची एकच प्रत असलेली माणसं, सुमारे दोनशे असतात. त्यांना स्वतःलाही पत्ता नसतो. तुमच्याआमच्यात, त्या काकांच्यात, होम्ससाहेबांच्यात. हे गणित इंग्रज जनुकशास्त्रज्ञ पनेट यांनी १९१७ मध्येच छापलं होतं. कॅरीचा निकाल त्यानंतर दहा वर्षांनी आला. माहिती नव्हती असं म्हणायला जागा नाही.

चांदणवेल

मी विदर्भात जनुकीय समुपदेशक म्हणून काम करते. सगळ्यात आधी कोरांटीताईंसाठी: डाउन सिंड्रोम साधारण शंभरातल्या पंचाण्णव वेळा वारशाने येत नाही. बीजपेशी तयार होताना एकविसावं गुणसूत्र वेगळं व्हायचं राहतं आणि बाळाकडे तीन प्रती येतात. आईच्या वयाप्रमाणे शक्यता वाढते, पण कोणाच्याही घरात होऊ शकतं. थोड्या जणांत गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला असतो, तो प्रकार कधीकधी घराण्यात चालतो. दादांची गुणसूत्र तपासणी पूर्वी झाली असेल तर तो कागद शोधून ठेवा, भाचीला लागलाच तर उपयोगी पडेल. पण काकांच्या प्रश्नाला शास्त्राचा आधार जवळजवळ नव्हता.

आता माझ्या कामातली अडचण सांगते. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. त्या मुलांचं दुखणं मी बघते. हाडांत कळा आल्या की आठ वर्षांचं पोर आईचा हात चावतं. त्यामुळे तपासणी नको असं मी कधीच म्हणणार नाही. पण तपासणीचा कागद हातात पडला की त्याचं काय होतं? एका गावात वाहक मुलीचं जमलेलं लग्न मोडलं. मुलगा वाहक नव्हता, त्यांच्या बाळाला आजार होण्याची शक्यता शून्य होती. मी सासरकडच्यांसमोर चार चिंचोके मांडून समजावलं. मुलाच्या आईला पटलंही. पण आजोबा म्हणाले, "डाग तो डागच." त्याच गावात दोन वाहक मुलगे होते, त्यांची लग्नं झाली, त्यांना कोणी विचारलं नाही.

आणि ज्याला डाग म्हणतात ते जनुक इथे इतकं का आहे? एकच प्रत असलेल्याला मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून संरक्षण मिळतं. त्याच 'डागा'ने या लोकांचे पूर्वज जंगलात जगवले. जनुक चांगलं की वाईट, हे प्रती किती आणि डास कुठला यावर ठरतं.

सायप्रसमध्ये थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी लग्नाआधी तपासणी करतात. लग्नाला बंदी नाही, फक्त दोघांना माहिती असली पाहिजे. दोघेही वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न करतातच, पुढचं डॉक्टरांशी बोलून ठरवतात. मला तसं हवंय: कागद त्या दोघांच्या हातात, काकांच्या नाही.

माळढोक

सगळे अमेरिका-जर्मनीचं लिहितायत. मी घरातलं लिहितो.

आमचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९७६ साली, आणीबाणीत, मी चौथीत होतो. वडिलांना 'केसेस' आणायचं टार्गेट होतं. केस म्हणजे नसबंदीला तयार झालेला माणूस. टार्गेट झालं नाही तर पगार थांबणार असं वरून सांगितलेलं. शाळा सुटली की वडील सायकल काढून वस्त्यांवर जायचे. एकदा एका पारध्याला घेऊन आले, अंधार पडला होता म्हणून आमच्या ओसरीवर झोपवला, सकाळी कॅम्पला न्यायचा होता. आईने त्याला भाकरी वाढली. त्याने आईला विचारलं, "बाई, मला एकच पोरगी हाय, चालंल का?" आई काही बोलली नाही. रात्रीत तिने वडिलांशी काय बोलणं केलं माहीत नाही. सकाळी तो ओसरीवर नव्हता, आणि वडिलांचा त्या महिन्याचा पगार आला नाही.

त्या वर्षी देशभरात ऐंशी लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. कोणी म्हणेल ते लोकसंख्येसाठी होतं, वंशसुधारणेसाठी नव्हतं. कागदावर बरोबर. पण वडिलांनी कधी पाटलाच्या वाड्यावर केस शोधली नाही, शोधूही शकले नसते. पारधी, वडार, भूमिहीन, स्टँडवर झोपणारे. हवी असलेली माणसं कोण आणि नको असलेली कोण, हे कुणी लिहून दिलं नव्हतं आणि सगळ्यांना पाठ होतं.

कोरांटी

माळढोक, हे वाचून थोडा वेळ बाजूला ठेवून बसले. लिहिल्याबद्दल आभार.

तुमच्या शेवटच्या वाक्यावरून आठवलं, मूळ धाग्यात राहून गेलं. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात, जे लाहोरच्या मंडळाने होऊच दिलं नाही, बाबासाहेबांनी नेमका हा मुद्दा घेतला आहे. त्या काळी जातिव्यवस्था म्हणजे पूर्वजांचं सुप्रजाशास्त्रच असं सांगणारे बरेच होते. बाबासाहेब त्यांना त्यांच्याच तर्काने धरतात. रक्त शुद्ध राखायचं म्हणून बेटीबंदी, असं क्षणभर मानू. मग रोटीबंदी कशासाठी? एकत्र जेवल्याने रक्तात काय मिसळतं? एकाच जातीतल्या पोटजातींत लग्न का नाही? आणि पंजाबातला ब्राह्मण वंशाने पंजाबातल्या चांभाराच्या जवळचा आहे, मद्रासच्या ब्राह्मणाच्या नाही. बौद्धिक गुण आनुवंशिकतेच्या एकाच ठरावीक पद्धतीने उतरतात असं दिसत नाही, यासाठी ते जनुकशास्त्रज्ञ बेटसन यांचा दाखला देतात. १९३६ साली! तेव्हा अर्धं जग लाफलिनच्या मागे होतं. त्याआधी दोन वर्षं 'समाजस्वास्थ्य'वरच्या खटल्यात र. धों.ची बाजू मांडायला उभे राहिलेले वकीलही तेच.

सांजवात

मी इथे फक्त वाचते, आज लिहिते आहे.

सात वर्षांपूर्वी माझ्या गरोदरपणात अठराव्या आठवड्यात डाउन सिंड्रोमचं निदान झालं. आम्ही गर्भपात केला. दोघांची नोकरी, दोन्हीकडचे आईवडील थकलेले, आमच्यानंतर त्या मुलाचं कोण, याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. कोरांटी, तुमच्या दादांचं वाचून मला रडू आलं. मला सरळ विचारायचंय: मी जे केलं ते तेच का, कॅरीला केलं ते?

कोरांटी

नाही. मी मनापासून सांगते, नाही. कॅरीला कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही स्वतः ठरवलंत, ओझंही तुम्हीच वाहताय. बाईने नाही म्हटल्यावरही मूल लादणं आणि बाईला हवं असताना मूल नाकारणं, या दोन्हींत निर्णय तिचा राहत नाही, आणि माझा राग त्यावर आहे.

पण एक सांगते, तुमच्यावर रोख नाही. "आमच्यानंतर कोण?" हा प्रश्न माझ्या आईलाही होता, मरेपर्यंत होता. त्याचं उत्तर मी आहे, कारण मी लग्न केलं नाही. ते काही सगळ्यांना जमणारं उत्तर नाही आणि ते एका घराने द्यावं असंही नाही. दादाला शाळा मिळाली नाही, कार्यशाळा मिळाली ती वयाच्या तिशीत. तुम्ही ज्या दिवशी ठरवलंत त्या दिवशी असं मूल वाढवलेली एखादी बाई तुम्हाला भेटली असती, सोयी काय आहेत हे कोणी सांगितलं असतं, तरीही तुम्ही कदाचित तेच ठरवलं असतं. पण तेव्हा समोर दोन वाटा असत्या. आपल्याकडे कायद्याने एक वाट देतात आणि बाकी सगळ्यांनी मिळून दुसरी बंद करून ठेवलेली असते.

चांदणवेल

सांजवात, तुमच्यासोबत आहे. कोरांटीताईंचं शेवटचं वाक्य मी रोज बघते. आमच्याकडे नवे डॉक्टर अहवाल सांगताना सुरुवातच "आय ॲम सॉरी" ने करतात. त्या दोन-तीन शब्दांत निर्णय होऊन गेलेला असतो. मी त्यांना शिकवते, आधी म्हणा, "अहवाल आला आहे, बसून बोलूया."

रेवा

मी सोळा वर्षांच्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीची आई. मला १९९४ ची आठवण करून द्यायची आहे, कारण तेव्हा मी कॉलेजात होते आणि मोर्चात होते. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याच्या ससूनमध्ये आणून त्यांची गर्भाशयं काढली. कारण दिलं ते पाळीच्या स्वच्छतेचं. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. मोर्चात आम्ही घोषणा दिल्या, घरी आलो.

मग वीस-बावीस वर्षांनी माझ्याच मुलीसाठी मला तेच सुचवलं गेलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, पाळी यायचीच होती. एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी अगदी आपुलकीने सांगितलं, "काढून टाका, सुटाल. शिवाय काही बरंवाईट झालं तर पोट राहणार नाही." त्या खोलीत मला मोर्चा आठवला नाही. खरं सांगते, मला सुटका दिसली. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, करूया. तो म्हणाला, "बरंवाईट झालं तर, म्हणजे काय गं? ते होऊ नये म्हणून काय करायचं ते कोणी सांगितलं का?" कोणी सांगितलं नव्हतं. गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही, फक्त तो लपतो.

नाही केलं. पाळी आली तेव्हा पहिलं वर्ष फार कठीण गेलं, खोटं बोलणार नाही. शाळेतून फोन यायचे, ती पॅड काढून फेकायची. मग विशेष शिक्षिकेने युक्ती सांगितली. कालनिर्णय तिच्या उंचीवर, तिच्या खोलीत लावलं. येणार त्या दिवसांवर मी लाल टिकल्या लावते, बाहुलीच्या चड्डीवर पॅड लावायचा सराव आम्ही दोन महिने आधीपासून केला. आता पॅड ती बदलते, कागदात गुंडाळते, डब्यात टाकते. कधी विसरते. माझी मोठी मुलगीही विसरते.

अनुस्वार

रेवाताई, माझ्या बहिणीची मुलगी अकराची आहे, तिलाही बौद्धिक अपंगत्व आहे. बहीण याच काळजीत आहे. बाहुलीचं कसं केलंत, जरा तपशिलात सांगाल का?

रेवा

सांगते. बाहुली मोठी घ्या, साधारण दीड-दोन फूट, चड्डी खऱ्या कापडाची. दोन वर्षांच्या मुलीची चड्डी बसते. पॅडच्या जागेवर चड्डीला आतून रंगीत दोऱ्याने चौकोन शिवून घ्या, म्हणजे कुठे चिकटवायचं ते तिला दिसतं. मग तसाच चौकोन तिच्या स्वतःच्या चड्ड्यांवर. पहिले पंधरा दिवस फक्त लावणं, काढणं नंतर. लाल रंग दाखवायला मी बीटाचा रस वापरला, माझी लेक आधी घाबरली, मग बाहुलीला म्हणाली, "काही होत नाही, धुवू." बहिणीला माझा व्यक्तिगत निरोप पाठवायला सांगा, आमचे जुने चौकोन शिवलेले कपडे आहेत, देते.